टांगलेला थवा

"पाखरांचा थवा खाली उतरतो ना, तसं काहीसं," असं प्रेमिलानं सांगितलं, तेव्हा शाळेच्या समितीचे अध्यक्ष गोपाळराव चष्मा पुसत म्हणाले, "मग पाखरं पाखरांसारखी दिसू तर द्या."

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या सुरुवातीची. नागपुरातल्या उषःप्रभा कन्या विद्यालयाची नवी इमारत बांधून होत आली होती, छताचा स्लॅब तेवढा ओतायचा राहिला होता. मधोमध तीन मजले उंच, मोकळा हॉल. त्याच्या कडेकडेनं जिना वर चढत गेलेला, आणि छताखाली पूर्वेला काचेच्या उंच खिडक्या. या हॉलमध्ये समितीला संस्थापकांचा अर्धपुतळा बसवायचा होता. मुख्याध्यापिका यमुताईंना तो नको होता. "रोज सकाळी आठशे मुलींनी मिशा बघत शाळेत शिरायचं का?" असं त्या भर बैठकीत म्हणाल्या होत्या. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी डब्याच्या पत्र्यातून केलेलं एक छोटंसं शिल्प पाहिलं होतं, आणि ते करणारी मुलगी इंदोरा वस्तीतल्या म्युनिसिपल शाळेत चित्रकला शिकवते, एवढ्या माहितीवर त्या तिच्या घरी जाऊन धडकल्या होत्या.

प्रेमिला मेश्राम तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. वडील देवाजी मिलमध्ये फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आई अंजनाबाई. दोन खोल्यांचं घर. दारात पांढऱ्या लुगड्यातल्या यमुताई उभ्या बघून अंजनाबाईला वाटलं, पोरीनं शाळेत काही तरी केलं असेल.

काम मिळालं आणि प्रेमिलाचे सहा महिने त्यात गेले. शाळा सुटली की ती सायकलनं इतवारी गाठायची. तिथं एका ओळखीच्या भांडीवाल्याच्या कारखान्यात ताट-वाट्यांना पॉलिश करायची मशीन होती. स्टीलच्या पत्र्याची पानं कापायची, प्रत्येकाला वेगळा बाक द्यायचा आणि फिरत्या चाकावर धरून घासायचं. नाकात काळी भुकटी जायची. खांदे भरून यायचे. पण पॉलिश चढलं की पत्रा दिसेनासा व्हायचा आणि त्याच्या जागी समोरचं काहीतरी यायचं: भिंत, बल्ब, तिचाच घामेजलेला चेहरा. अशी चारशे आठ पानं झाली. तळहाताएवढी काही, सुपाएवढी काही. लोखंडी कडं, तारा, पानं मिळून साडेतीन क्विंटल वजन.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर उद्घाटन झालं. छताच्या हुकाला टांगलेला तो थवा तिसऱ्या मजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत वळत वळत उतरला होता. खिडकीतून ऊन आलं आणि भिंतींवर, जिन्यावर, मुलींच्या अंगावर उजेडाचे शेकडो तुकडे पळायला लागले. जराशी हवा आली की सगळे तुकडे जागा बदलायचे. मुली ओरडल्या. गोपाळरावांनीसुद्धा मान वर केली ती चांगला वेळ खाली घेतली नाही.

इतकं झाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. प्रेमिलाला वाटेना. ती काही ना काही निमित्त काढून आठवड्यातून दोनदा तिकडे जायची आणि जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर उभी राहायची. मुली खालच्या पानांत बघून रिबिनी बांधत, दात विचकत, नाकं फेंदारत. मराठीच्या प्रमोदिनीबाईंची तक्रार होती की साडेअकराला एक तुकडा नेमका त्यांच्या पुस्तकावर येऊन बसतो आणि तास संपल्याशिवाय उठत नाही. प्रेमिला हसायची, पण लक्ष सगळं वर. त्या हुकाकडं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. काम हातातून सुटलं की असं होत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी श्रीधर तिच्या घरी आला. शाळेच्या बांधकामावर समितीनं देखरेखीला नेमलेला तरुण इंजिनिअर. बोलायला मऊ, अंगानं बारीक. थवा टांगला त्या दिवशी तोही हजर होता. खाटेच्या कडेवर बसला, चहा हातात धरला, आणि कप तसाच खाली ठेवला.

"स्लॅब ओतला त्या दिवशी मी तिथं नव्हतो," तो म्हणाला.

प्रेमिलाला आधी काही उमजलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. त्या हुकाला वर दोन पाय असतात. स्लॅबच्या सळ्यांखालून ते वळवून घ्यायचे, तारेनं बांधायचे आणि मगच काँक्रीट ओतायचं. एकदा ओतलं की आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. बांधलं आहे हे बघून सही करायचं काम श्रीधरचं होतं. पण त्या दिवशी त्याची बायको पारशिवनीला माहेरी बाळंतपणात अडली होती, म्हणून तो पहाटेच्या बसनं तिकडे गेला. ठेकेदार थांबला नाही. दुसऱ्या दिवशी परत येऊन श्रीधरनं कागदावर 'समक्ष पाहिले' असं लिहून सही केली.

"ठेकेदाराला मी विचारलं होतं. म्हणाला, बांधलाय ना साहेब. आणि हसला. त्या हसण्याचा काय अर्थ घ्यायचा तेच मला आजवर कळलेलं नाही."

"मग आज काहून सांगता?" प्रेमिलाच्या तोंडून घरातलीच भाषा निघाली.

"काल दुपारी गेलो होतो. मुली त्याच्याखाली गोल करून डबा खात होत्या." मग घाईघाईनं म्हणाला, "तुम्ही एक करा. पानं पुन्हा पॉलिश करायची आहेत म्हणून सांगा आणि उतरवून घ्या. कोणी विचारणार नाही. माझी नोकरी कच्ची आहे हो, मेश्रामबाई. मूल चार महिन्यांचं आहे."

तो गेल्यावर प्रेमिलानं त्याचा तसाच राहिलेला कप उचलून मोरीत ठेवला. युक्ती वाईट नव्हती. उद्याच जाऊन सांगता आलं असतं. देवाजी दाराशी बिडी ओढत सगळं ऐकत होते.

"पॉलिशचं सांगून उतरवशील," ते म्हणाले, "आन पुन्हा टांगतानी काय सांगशील? का मंग जन्मभर पॉलिशच करत राह्यशील?"

"बाबा, पण हूक चांगलाही असंल ना."

"असंल. मी कुठी नाही म्हणून राहिलो. मिलमध्ये चेनपुलीखाली उभं राहाचं तं आम्ही आधी वरतं पाहो. ज्यानं पाह्यलं तो सांगे, म्या पाह्यलं. इथं तं पाहणारा कोणीच नाही वं."

त्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

बुधवारी प्रेमिलानं तीन दिवसांची रजा टाकली आणि दहालाच उषःप्रभात पोचली. मैदानात चिखल होता म्हणून प्रार्थना हॉलमध्येच चालू होती. आठशे मुली रांगांनी उभ्या. डोक्यांवर, खांद्यांवर उजेडाचे तुकडे फिरत होते. एक तुकडा एका लहान मुलीच्या भांगातून सरकत मानेवर गेला, आणि प्रेमिलाला वाटलं आपण आत्ता ओरडणार. ती ओरडली नाही. भिंतीला पाठ लावून प्रार्थना संपेपर्यंत उभी राहिली. प्रार्थनेला इतकी कडवी असतात हे तिला ठाऊक नव्हतं.

मग ती यमुताईंच्या खोलीत गेली. पॉलिशचा शब्द जिभेवर आला होता, तो तिनं गिळला.

"हूक सळ्यांना बांधलाय की नाही, ते कोणी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. "थवा उतरवून तपासायला हवं."

यमुताईंनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं तुला?"

"ते नाही सांगता येणार."

"इंजिनिअरची सही आहे कागदावर. मी स्वतः वाचलीय."

यमुताई उठून खिडकीशी गेल्या. साठीला टेकलेली बाई, पण पाठ ताठ.

"तुला ठाऊक आहे ना, या कामासाठी मी वर्षभर कोणाकोणाशी भांडले? एकदा उतरलं की ते पुन्हा चढायचं नाही. पुतळ्याचा कागद गोपाळरावांच्या खिशात तयार आहे. तुझ्याबद्दल काय काय बोलणं झालं तेही सांगू का? कुठली कोण मुलगी, कुठल्या वस्तीतली, हिला हे जमेल का. मी म्हटलं, जमेल." त्या वळल्या. "पडेल अशी खात्री आहे तुझी?"

"नाही."

"मग?"

"पडणार नाही, अशीही नाही."

यमुताई रागावल्या. इतक्या की त्यांचा आवाज खाली गेला. "शुक्रवारी समिती आहे. तिथं बोल. तोवर मला काही ऐकायचं नाही."

शुक्रवार दोन दिवसांवर होता. प्रेमिला बाहेर आली. हॉलमध्ये शिपाई मारोतराव घंटेशेजारी बसला होता. तिनं त्याला काहीच सांगितलं नाही. कोपऱ्यातला एक बाक ओढत आणला, मग दुसरा. फरशीवर कर्रकर्र आवाज झाला. मारोतराव उठला, "काय करून राहिल्या बाई?" म्हणून विचारलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं तिसऱ्या बाकाचं दुसरं टोक धरलं. अकरा बाकांचं रिंगण झालं. यमुताई दारात येऊन बघून गेल्या. हलवा म्हणाल्या नाहीत.

पण मुली त्या मुली. मधल्या सुट्टीत बाकांखालून सरपटत आत गेल्या, कारण आता तिथं बसण्यात मजा होती. प्रेमिला दोन्ही दिवस त्यांना हाकलत होती. "बाई, काहून नाही जायचं?" या प्रश्नाला ती "आधी बाहेर या" एवढंच म्हणायची. गुरुवारी घरी जाताना सायकलवर तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण पाण्याचा घोटही घेतलेला नाही.

शुक्रवारच्या बैठकीत सात माणसं होती. प्रेमिलानं बोलायचं ते दोन वाक्यांत सांगितलं. गोपाळरावांनी फाइल उघडली, कागद काढला, वाचला आणि टेबलावर तिच्याकडं सरकवला.

"समक्ष पाहिले. खाली सही. आता तुम्ही चित्रकलेच्या शिक्षिका म्हणता की पाहिलेलं नाही. आम्ही कोणाचं धरावं?"

श्रीधर टेबलाच्या पार टोकाला बसला होता. प्रेमिलानं त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तेच सांगणं झालं असतं. ती त्या कागदाकडं बघत राहिली. कोणीतरी खोकललं. कोणीतरी म्हणालं, "प्रसिद्धीची हौस असते एकेकाला." यमुताई मात्र तिच्याकडं टक लावून बघत होत्या, आणि मग हळूहळू त्यांची नजर टेबलाच्या त्या टोकाला गेली.

"श्रीधरराव," त्या म्हणाल्या, "तुमची सही आहे. तुम्हीच सांगून टाका, म्हणजे प्रश्न मिटला."

श्रीधर उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती.

"मी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "मी त्या दिवशी नागपुरातच नव्हतो."

पुढं जे बोलणं झालं ते सांगण्यासारखं नाही. शेवटी ठरलं ते एवढं: रविवारी थवा उतरवायचा आणि हुकाला वजन लावून बघायचं. सात पोती वाळू म्हणजे थव्याचं वजन. श्रीधर म्हणाला, तपासायचं तर दुप्पट लावून बघतात, चौदा. गोपाळराव म्हणाले, चौदा कशाला, हत्तीच टांगा.

शनिवारी देवाजी मिलमधल्या जुन्या दोन सोबत्यांना घेऊन आले. बांबूची परांची बांधली. रविवारी सकाळी एकेक तार सोडवत थवा खाली आला. उतरवलेली पानं गोणपाटावर पसरली, तेव्हा त्यांच्यात नुसतं छत दिसत होतं. मग हुकाला साखळी लावून खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, फळ्यांचा एक पाळणा टांगला आणि फरशीवर वाळूचा जाड थर दिला. समितीची माणसं जिन्यावर उभी राहिली. ठेकेदारही आला होता, पान खात.

सात पोती चढली. काही झालं नाही. तासभर सगळे उभे. नंतर बसले. मारोतरावानं चहा आणला. हुकाभोवतीच्या गिलाव्याचा कणही हलला नाही. ठेकेदार श्रीधरकडं बघून तसाच हसला असावा, कारण श्रीधरनं तोंड फिरवलं. गोपाळराव घड्याळ बघून म्हणाले, "झालं समाधान?"

प्रेमिलाला त्या क्षणी काय वाटलं ते तिनं पुढं कोणालाच सांगितलं नाही. हूक टिकावा असं तिला मनापासून वाटत होतं. आणि त्याच वेळी, टिकला तर या सगळ्यांच्या नजरेला नजर कशी द्यायची, म्हणून तो निघावा असंही वाटत होतं. या दुसऱ्या वाटण्याची तिला भीती वाटली.

"अजून चढवा गा," देवाजी आपल्या सोबत्यांना म्हणाले. "ठरलं तं ठरलं."

आठ. नऊ. दहा. एकेक पोतं ठेवून ते मागं सरत होते. अकरावं ठेवून देवाजी वळले आणि थांबले. वरच्या पोत्यावर पिठासारखं काहीतरी पडलं होतं. त्यांनी बोट लावून बघितलं नाही.

"हटा!" ते ओरडले. "जिन्याखाली व्हा सारे!"

वर एक आवाज झाला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा. पाळणा वाळूत बसला. त्याच्यामागून काँक्रीटची ढेकळं, हूक आणि तीन मजल्यांची साखळी खडखडत पोत्यांवर आली. धूळ बसायला बराच वेळ लागला. धूळ बसली तेव्हा हुकाचे पाय सगळ्यांना दिसले. एक वळवलेला होता. दुसरा सरळ.

पहिले गोपाळराव बोलले. "अकरा पोती टांगल्यावर काय होणार? तुमचं काम सात पोत्यांचं होतं, आणि सातावर काही झालं नाही."

ते खोटं नव्हतं. यमुताईंनी श्रीधरला विचारलं, "साताला किती दिवस टिकला असता?"

"दहा वर्षं टिकला असता," तो म्हणाला. "किंवा दिवाळीपर्यंत. मला खरंच सांगता येणार नाही."

यमुताई जिना उतरून खाली आल्या. वाळूत पाय रोवत त्या रिकाम्या जागेच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि छताच्या भोकाकडं बघत राहिल्या. त्या दिवशी त्या प्रेमिलाशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थना वर्गावर्गांत झाली आणि हॉलला कुलूप लागलं; मुली मागच्या जिन्यानं जायला लागल्या.

श्रीधरला समितीनं काढून टाकलं. ठेकेदाराचं काही झालं असेल तर ते प्रेमिलाच्या कानावर आलं नाही. थवा गोणपाटात गुंडाळून खेळाच्या खोलीत, लेझिमांच्या पेटाऱ्याशेजारी पडून राहिला. पुतळ्याचा कागद गोपाळरावांच्या खिशातून खरोखरच बाहेर आला. यमुताईंनी या वेळी नाही म्हटलं नाही. पुतळा व्हरांड्यात बसेल, म्हणाल्या, आणि हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर पडेल. एक घ्या आणि एक द्या, अशा चालीनं त्या सगळा हिवाळा भांडत राहिल्या.

प्रेमिलाला मात्र थव्याचं नाव काढलेलं सोसेना. यमुताईंचा निरोप आला की ती दोन दोन दिवस उत्तर देत नसे. वर्गात मुलींना चित्र काढायला सांगून ती खिडकीशी येरझारा घालायची. बर्डीच्या बाजारात एकदा श्रीधर भेटला, खांद्यावर मूल घेऊन चाललेला. त्याला आता खापा गावी नगरपालिकेच्या बांधकामावर काम मिळालं होतं.

"आता झोप लागते का?" तिनं विचारलं.

"हा लागू देईल तर ना," तो मुलाला थोपटत म्हणाला, आणि दोघंही रस्त्यात मोठ्यानं हसले. मग त्याची बस आली.

जूनमध्ये गर्डर पडला. या वेळी प्रेमिला स्वतः परांचीवर चढली. प्रत्येक बोल्ट हातानं आवळून पाहिला, देवाजींनी मागून पुन्हा आवळला. सव्वीस तारखेला शाळा उघडली तेव्हा थवा जागेवर होता. उद्घाटन वगैरे काही नाही. कोणी भाषण केलं नाही.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुली लोंढ्यानं खाली आल्या. पाचवीतली एक ठेंगणी मुलगी थव्याच्या बरोबर खाली गेली, इकडंतिकडं बघितलं आणि फरशीवर सरळ उताणी झोपली. "अगं, मी सगळ्यांत दिसते!" ती ओरडली. बघता बघता दहा-बारा जणी तिच्या शेजारी आडव्या. प्रमोदिनीबाई "उठा, उठा, युनिफॉर्म मळतील" म्हणत धावल्या.

प्रेमिला जिन्याच्या पहिल्या पायरीवर होती. कठड्यावरचा हात सुटेना. बोल्ट तिनं स्वतः पाहिले होते, तरी सुटेना. शेजारी यमुताई येऊन उभ्या राहिल्या, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

"भीती जाते का गं?" यमुताईंनी हळूच विचारलं.

"नाही गेली अजून."

"माझीपण नाही." त्यांनी पदर खोचला. "चल, दोघी जाऊ."

मुलींच्या पायांतून वाट काढत त्या मधोमध गेल्या. प्रेमिलानं मान वर केली. चारशे आठ पानांत चारशे आठ वेळा आडव्यातिडव्या पडलेल्या निळ्या-पांढऱ्या मुली होत्या, एक पांढरं लुगडं होतं, आणि कुठंतरी तिचा स्वतःचा चेहरा. ती तो शोधायला लागली, तोवर वाऱ्यानं सगळं हललं.

"चाल वं पोरी," दारातून देवाजी हाक मारत होते. "मायनं जेवाले थांबवून ठेवलं सगळ्यायले."

"या ना बाबा, जरा इकडं या," ती म्हणाली. "हे पाहून घ्या एकदा."